एकोणीस अळ्या

अण्णा,

आज रविवार आहे. दुपारचे तीन वाजून गेलेत, खरकटी भांडी तशीच पडली आहेत आणि मी शाळेतल्या एका कोऱ्या वहीत तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आणि तुम्ही होतात तेव्हाही नाही, कारण पत्र आलं की तुम्ही घाबरायचात. "कागद आला म्हंजी काय तरी वाईटच आसनार," असं म्हणून ते आधी आईच्या हातात द्यायचात, आणि आईला तर वाचताच येत नव्हतं. म्हणून आधीच सांगून टाकते, वाईट काही नाही. मी बरी आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, गुडघे कुरकुरतात, राग तेवढा अजून तुमच्यासारखा नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. त्या रागाचंच सांगायचं आहे.

माझी शाळा सध्या मिरजगावच्या पुढच्या वस्तीवर आहे. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, पहिली आणि दुसरी माझ्याकडे. रोज जाताना आपल्या जुन्या रोपवाटिकेवरून जाते. म्हणजे जिथे ती होती तिथून. विहीर बुजवली, रस्ता रुंद झाला, तुमच्या मांडवाच्या जागी आता पंक्चरचं दुकान आहे आणि शेजारी रसवंती. जिल्ह्याचंही नाव बदललं. एसटीच्या पाटीवर नवं नाव असतं आणि बसायला आलेला म्हातारा कंडक्टरला विचारतो, "नगरला जाती का?" तुम्ही असतात तर तुम्हीही तेच विचारलं असतंत.

तर झालं असं, की मोठ्या वर्गांच्या सहली निघतात, कधी शिर्डीला, कधी भंडारदऱ्याला, आणि माझी बारकी पोरं दरवर्षी फाटकाला लोंबकळून गाडीला टाटा करतात. लहानांना कुठे न्यायचं, कोण सांभाळणार, वाटेत कोण ओकणार, असं म्हणून त्यांचा विषयच निघत नाही. यंदा कळलं की नगरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच, कुणी तरी फुलपाखरांचं घर केलं आहे. घर म्हणजे काय, तुम्ही रोपांवर तुऱ्हाट्यांचा मांडव घालायचात ना, तसाच मांडव, पण लोखंडी पाइपांचा आणि चारी बाजूंनी बारीक जाळी लावलेला. आत फुलझाडं, आणि त्यांच्यावर फुलपाखरं पाळलेली. हो, पाळलेली. लोक तिकीट काढून बघायला येतात. हे ऐकून तुम्हाला चहाचा ठसका लागला असता.

त्या सहलीमागे माझा आणखी एक डाव होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसरीत माझ्याकडे एक मुलगी आहे. आईबाप दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, आणि ही त्यांच्याबरोबर. पोरगी तल्लख, पण पाडव्याला परत येते तेव्हा पाटी पुसलेली असते. गेल्या वर्षी परत आली तेव्हा स्वतःच्या नावातलं एक अक्षर हिला सापडत नव्हतं, आणि ते सापडत नाही याची तिला इतकी लाज वाटली की दोन दिवस तिने पेन्सिल धरली नाही. यंदा मी श्रावणापासून तिच्या आजीच्या मागे लागले होते, हिला गावात ठेवा म्हणून. आजीचं म्हणणं एकच. पोर राजी असेल तर ठेवते, रडत बसली तर मला म्हातारीला जमायचं नाही. मग पोरीला राजी करणं माझ्याकडे आलं. तिने मान वाकडी करून बराच विचार केला आणि म्हणाली, "सहलीला नेनार आसाल तर ऱ्हाते." अशी ती सहल ठरली. केंद्रप्रमुखांकडे मी तीन चकरा मारल्या, त्या काही फुलपाखरांसाठी नव्हत्या.

सव्वीस मुलं, मी, आणि मदतीला पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. वाटेभर मी एकच पाठ घेतला. फुलपाखरांना हात लावायचा नाही. हात लावला की पंखांची भुकटी निघते, मग त्यांना उडता येत नाही. काय करायचं नाही? सगळे एका सुरात ओरडायचे, "हात लावायचा न्हाई." नगर येईपर्यंत ड्रायव्हरचंही पाठ झालं.

आत गेलो आणि पोरं एकदम गप्प झाली. मी तीस वर्षं शिकवते आहे, पण सव्वीस पोरं न सांगता गप्प झालेली पहिल्यांदाच पाहिली. दोन दारं होती, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि दुसरं उघडलं की दमट गरम हवा आणि चहूकडे नुसती फडफड. एका ताटलीत सडकी केळी ठेवलेली, त्यावर तपकिरी फुलपाखरं पंख मिटून रस पीत बसलेली. "बाई, केळी नासल्यात," एकाने कुजबुजत सांगितलं, जणू पाहुण्यांकडे जेवायला गेल्यावर सांगावं तसं. तिथल्या ताई चाळिशीच्या, बोलणं आपल्याकडचंच. त्या म्हणाल्या, त्यांना नासलेलीच आवडतात. मग प्रश्न सुरू झाले. ही झोपतात कुठं? ह्यांची आई कोनती? एका पोराच्या कपाळावर एक निळं फुलपाखरू येऊन बसलं, तर त्याने हात लावायचा नाही हे इतकं मनावर घेतलं की ते उडेपर्यंत श्वास धरून उभा राहिला, डोळ्यांत पाणी आलं तरी हलला नाही.

आणि मग मला ते दिसलं. काळं, त्यावर पिवळट ठिपके, मागच्या पंखाला तांबडा डाग. लिंबोणीवरचं. पोरांचं बघणं राहिलं बाजूला, मीच बघत उभी राहिले. अण्णा, तो पंख पाहिला आणि मला रॉकेलचा वास आला.

सकाळचे सहा वाजलेत. थंडी आहे. तुम्ही विहिरीवरून बादली आणता, पत्र्याच्या डब्यात पाणी ओतता, वर रॉकेलची धार सोडता आणि डबा माझ्या हातात देता. पिशव्यांत लावलेली लिंबोणीची रोपं, वीतभर उंचीची, ओळीने मांडलेली, आणि मला शाळेआधी चार ओळी बघायच्या असतात. लहान अळी ओळखायची म्हणजे खरी नजर हवी. ती पानावर पडलेल्या चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, हुबेहूब, तशीच काळी-पांढरी, आणि हलत नाही. गडी माणसं फसायची. मी फसायचे नाही. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "आमच्या पोरीची नजर घारीवानी हाय. एक अळी सुटायची न्हाई." श्रीगोंद्याहून, कर्जतहून बागायतदार यायचे, रोपाचं पान उलटं करून बघायचे, आणि एकही कुरतडलेलं पान सापडलं नाही की तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवायचात. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. आई म्हणायची, पोरीच्या हाताला रॉकेलचा वास येतो, भाकरी कशी खाईल? आणि मग लिंबाची फोड घेऊन माझी बोटं चोळून द्यायची. चुलीपुढे बसून, दोन्ही हात पुढे करून, आईकडून बोटं चोळून घ्यायची, मग तव्यावरची भाकरी. त्या वेळचं सुख आता कुणाला सांगितलं तर हसतील.

मी त्यात हरवले होते, हे खरं. किती वेळ ते माहीत नाही. मागे आडोशाला, जाळीच्या आतच, लिंबोणीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांची एक रांग होती. ती मी आत शिरताना पाहिली होती. पाहिली होती आणि मला काही सुचलं नव्हतं, इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन फिरलेल्या मला.

"बाई, झालं," मागून आवाज आला. "समदी झाडं साफ केली."

ती ऊसतोडीवाल्यांची पोर उभी होती. ओंजळ अळ्यांनी भरलेली. चेहरा असा उजळलेला, की गणित सुटल्यावरही मी तिचा तसा पाहिला नव्हता. तिच्यामागे पाचसहा जण, चपलांच्या टाचा हिरव्या झालेल्या. एकेकाला वाटून दिलं होतं तिने, तू ही कुंडी, तू ती कुंडी. त्यांच्या बांधावर हेच चालतं, घरोघरी हेच चालतं. झाडाला अळी लागली की वेचायची, ज्याच्या घरी गेलो त्याच्या झाडाला लागली असली तरी वेचायची, ही तर रीत आहे. पाहुण्यांकडे गेल्यावर अंगण झाडून द्यावं तसं त्यांनी ताईंचं काम करून दिलं होतं. आणि फुलपाखराला एकानेही हात लावला नव्हता. वर्गाच्या भिंतीवर अंडी, अळी, कोष, फुलपाखरू असा तक्ता दोन वर्षं लटकतोय. त्यातली अळी जाडजूड, पोपटी, गालांत हसणारी. तिचा आणि ह्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्यांचा काही संबंध असेल, हे त्यांना कुणी सांगायचं होतं? मीच.

ताई धावत कुंड्यांकडे गेल्या. एकेक पान उलटून पाहिलं आणि तिथेच खाली बसल्या. "अहो, ह्यांचीच तर व्हायची होती," एवढंच म्हणाल्या. चिडल्या नाहीत, डोळ्यांना पदर लावला. आणि अण्णा, माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका. मी वर्गात प्रमाण भाषेत बोलते, हे तुम्हाला माहीत आहे, त्यावरून तुम्ही माझी थट्टाही करायचात. त्या दिवशी मी म्हणाले, "डोळं दिलं देवानं, अक्कल द्यायची इसरला." तुमच्या शब्दांत, तुमच्या आवाजात, तुमच्याइतक्या जोरात. पोरं हसली. पोरं हसतातच, आपल्यावर पाळी आली नाही याच्या आनंदात. अळ्या जमिनीवर पडल्या, पोरांनी सवयीने त्यांच्यावर पाय दिले, आणि ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली, रिकामी.

हे वाक्य मी कुठून आणलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तिसरीत होते. लिंबोणीवरची मोठी हिरवी अळी डिवचली की डोक्यातून दोन तांबडी शिंगं बाहेर काढते, त्याची मला गंमत वाटायची, म्हणून एक अळी मी रॉकेलात न टाकता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. रोज कोवळी पानं घालायचे, शिंगं काढायला लावायचे. एक दिवस ती काडीला स्वतःला बांधून घेऊन वाळली. मेली, असं वाटलं. पण डबा फेकायला जीव होईना. आणि मग एका सकाळी झाकण काढलं तर आत ओलं, चुरगळलेलं, काळं-पिवळं फुलपाखरू. मला वाटलं, हे जगात पहिल्यांदाच घडलंय आणि ते मला दिसलंय. तळहातावर घेऊन पळत तुमच्याकडे आले. तुमच्यापुढे तिघे गिऱ्हाईक उभे होते, रोपं बघत. मी म्हणाले, अण्णा, अळीचं झालं. तुम्ही आधी हाताकडे पाहिलंत, मग गिऱ्हाइकांकडे. रोपवाटिकेच्या मालकाची पोरगी रोपांचा वैरी घरात पोसते, हे त्यांच्यासमोर कळलं, हेच तुम्हाला लागलं असेल. हे आता समजतं. तेव्हा फक्त तुमचा हात दिसला, आणि पाखरावर पडलेलं पायताण, आणि ते वाक्य. गिऱ्हाइकं हसली. त्यातला एक तर पोट धरून हसला.

दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून आलात आणि माझ्या दप्तरावर एक भिंग ठेवलंत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडचं जुनं, कड तुटलेली. "अंडी दिसतील ह्यानं," म्हणालात, आणि बैलांना पाणी दाखवायला गेलात. मला राग आला. हे म्हणजे आणखी कामाला लावणं, असं वाटलं. पण भिंग डोळ्याला लावलं तर पानावरचं अंडं मोहरीएवढं गोल, पिवळं, आणि आत काहीतरी हलत असलेलं. मी ते भिंग कितीतरी वर्षं जवळ ठेवलं. डी.एड.ला जाईपर्यंत. शिक्षिका झाले ती त्या भिंगामुळे झाले, असं मी एकदा भाषणात सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायताणाचं सांगितलं नाही.

निघताना ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, पोरीला येवढं कशाला बोललात? माझ्या घरीबी लिंबं हायत. आमचे मालक रोज फवारनी करतात आन् मी हितं त्याच अळ्यांना पानं घालती. कुनाकुनाला बोलायचं?" मी हसले. गाडीत ती मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. भाकरी-चटणीचं फडकं सोडलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, उद्या वर्गात बोलू.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दसरा झाला तरी नाही. तिच्या शेजारी बसणारी म्हणाली, "ती तोडीला चालली, बाई. तिला शाळाच नको." येत्या मंगळवारी मुकादमाचा ट्रक येणार आहे. मी रोज ठरवायचे की संध्याकाळी जाऊ, आणि रोज काहीतरी ऑनलाइन माहिती भरायची निघायची. खरं सांगते, कामं नव्हती अडवत. सात वर्षांच्या पोरीपुढे जाऊन काय म्हणायचं, ते मला कळत नव्हतं. तुमच्या वेळी भिंग आणून ठेवायची सोय होती. मीही परवा मिरजगावात एक रंगपेटी विकत घेतली. पिशवीत घालून दोन दिवस फिरवली. आणि आज सकाळी घरातून निघताना ती टेबलावर ठेवून गेले.

त्यांच्या दारात गाठोडी बांधणं चाललं होतं. पत्र्याची पेटी, पातेली, दोन कोयते पोत्यात गुंडाळलेले. आई दोरी आवळत होती, बाप कुठे तरी गेला होता. आजीने मला पाट दिला. "आमी न्हाई आडवत, बाई," ती म्हणाली. "तीच म्हनती न्हाई ऱ्हायची. आता मी तिला बांधून ठिवू का?" पोरगी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती. वर बघितलं नाही. मी पाट सोडून तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघ्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं, आणि मूठभर शेंगा घेऊन सोलायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी मी तुला बोलले, ते माझं चुकलं."

"कवा?"

"सहलीला. अळ्यांवरून."

"कुठल्या अळ्या?" तिने शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले. "मला न्हाई आठवत."

आजी हसली. "बघा, तिला आठवतबी न्हाई. लेकरू हाय. तुमीच मनाला लावून घेतलं."

अण्णा, मी उठणार होते. सुटले, असं वाटलं होतं. हात टेकून अर्धी उठलेही होते. पण तिचं बोट शेंगेवर थांबलं होतं, आणि ते वाक्य मी ओळखलं. "मला न्हाई आठवत." हे वाक्य मी स्वतः एकदा वापरलेलं आहे, आणि ते कशासाठी वापरतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी परत खाली बसले.

म्हटलं, "तुला आठवत नसेल तर नसू दे. मला आठवतंय, मी सांगते. तू सगळ्या कुंड्यांवरच्या अळ्या वेचल्यास, ताईंना मदत म्हणून. मला दाखवायला आणल्यास. मी म्हणाले, देवाने डोळे दिले आणि अक्कल द्यायची विसरला. सगळे हसले. अळ्यांची फुलपाखरं होतात, हे मी तुम्हाला नीट दाखवायला हवं होतं, ते मी केलं नाही. चूक माझी होती आणि बोलणी तू खाल्लीस." तिची आई दोरी हातात धरून ऐकत उभी राहिली.  पोरीने हातातली शेंग फोडली. मग खाली बघतच म्हणाली, "तुमी माझा हात झटाकला."

"हो."

"म्हनून त्या पडल्या. मी नीट धरल्या हुत्या. जित्या हुत्या माझ्या हातातल्या."

हे मी तुम्हाला वर लिहिलं नाही. वर मी लिहिलंय, अळ्या जमिनीवर पडल्या. आपोआप पडल्यासारखं. मी तिच्या हातावर फटका मारला होता, अण्णा, खालून, ओंजळ उधळेल असा. ते मी त्या दिवसापासून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "हो. मी झटकला. माझ्यामुळे मेल्या त्या."

तिने वर बघितलं. "एकोनीस हुत्या," ती म्हणाली. "त्या ताईलासुदिक ठाव न्हवतं कुठं कुठं हायत ते." मी म्हटलं, "नजर आहे तुला." कौतुकाने फसणारी ती नाही. चारदोन शेंगा आणखी सोलल्या. मग विचारलं, "आता आमच्या लिंबुनीवर अळी आली तर वेचायची का न्हाई?"  मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही, आपण दोघी बसून विचार करू. ते तिला पटलं असावं. आजीकडे वळून म्हणाली, "उद्या सोमवार हाय ना? माझं दप्तर पेटीत घातलंय, ते काढ." तिच्या आईने तोंड फिरवून पेटीचं झाकण उघडलं. पोरीला ठेवून जायचं म्हणजे आईलाही काही सोपं नसतं, तिला बराच वेळ लागला ते दप्तर काढायला.

घरी येऊन मी भांडी घासायला घेतली आणि तशीच सोडून इथे बसले. कारण ‘मला नाही आठवत’ हे वाक्य मी कुणाला म्हणाले होते, ते तुम्हालाच सांगायचं राहिलंय. तुमचा शेवटचा उन्हाळा. तुम्ही माझ्याकडे होतात, पलीकडच्या खोलीत कॉटवर. मी दारात बसून उत्तरपत्रिका तपासत होते. तुम्ही खूप वेळ पंख्याकडे बघत होतात, मग एकदम म्हणालात, "त्या पाखराचं... डब्यातल्या. तुला लई लागलं हुतं का गं?" मी पेन थांबवलं नाही. "कुठलं पाखरू, अण्णा? मला नाही आठवत." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात.

तुम्हाला एवढं विचारायला चोवीस-पंचवीस वर्षं लागली होती, आणि मी ते अर्ध्या वाक्यात मिटवलं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, वहीतली ही पानं फाडून कपाटात ठेवून देईन. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तसं म्हणाले, असं मी इतकी वर्षं मानत आले. पण आज त्या पोरीचं थांबलेलं बोट बघितलं. मला सगळं आठवत होतं, अण्णा. आणि तुम्ही भिंतीकडे वळलात तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं.